पानमळ्यातला कोळसा

आमच्या फाट्यावर हुमनाबादची लारी थांबायची ती माझ्या कोळशासाठी. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. लारी आणि कोळशावर? पण चालत होती. चाकावर हात दुसऱ्याचा असायचा, पोटातली आग माझी असायची.

मी दोन बुकं शिकलो, तीही उर्दूत. मराठी लिहायला पुढं माझं मीच शिकलो. त्यामुळं झालं तसं लिहितो. फुशारकी मारायला लिहीत नाही. पण जिथं माझं बरोबर होतं तिथं ते चूक होतं असं कुणी माझ्याकडून लिहून घेऊ शकणार नाही.

लढाईची वर्षं होती. लढाई कुठंतरी समुद्रापलीकडं चाललेली, आमच्याकडं तिची एकच खूण आली: तेल गेलं. आधी रॉकेल गेलं. दुकानापुढं चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागायचं आणि बाटलीच्या बुडाला लागेल एवढं मिळायचं. घरोघरी पुन्हा करडईच्या तेलाचे दिवे आले. मग पेट्रोल गेलं. ते अंमलदारांना आणि पलटणीला मिळायचं, बाकीच्यांनी परवान्याची वाट बघायची. निजामाच्या मुलखात जमिनीखाली तेल निघत नव्हतं. जे यायचं ते बाहेरून, डब्यात बंद होऊन. बाहेरच्यानं हात आखडता घेतला की सगळा मुलूख जागच्या जागी बसायचा. तोवर मला वाटायचं की विहिरीत जसं पाणी असतं तसं लारीत पेट्रोल असतंच.

आमचा खाऊच्या पानांचा मळा होता. हदग्यावर आणि पांगाऱ्यावर चढवलेले वेल, खाली चोवीस तास ओली माती, भर उन्हाळ्यात आत शिरलं तरी अंगावर गार यायचं. मळा आजोबांनी लावलेला. पान हा फार नाजूक माल. तूर, करडई वर्षभर कणगीत पडून राहते. पान खुडलं की उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी काळे ठिपके धरतं. बैलगाडीनं हुमनाबाद गाठायला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत लागायचं, म्हणजे बाजार उठल्यावर आमची पानं पोचायची. लारी सुरू झाल्यापासून पहाटे खुडलेलं पान दुपारच्या आत बाजारात उतरू लागलं होतं. पेट्रोल गेलं आणि लारी बंद पडली, त्या उन्हाळ्यात आम्ही करंड्याच्या करंड्या उकिरड्यावर ओतल्या. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मळा मोडून ज्वारी पेरायचं बोलून दाखवलं. ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मळा ठेवायचा तर लारी पाहिजे, एवढा साधा हिशेब होता.

मग एक दिवस लारी परत आली. पाठीवर माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी, टाकीच्या अंगाला नळ्या, नळ्यांच्या टोकाला धूर गाळायला काथ्या भरलेला दुसरा डबा. ड्रायव्हर हुमनाबादचा मुसलमान होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्यानं चावडीपुढं लारी उभी करून सगळं उकलून दाखवलं. टाकीत वरून कोळसा भरायचा, खालच्या भोकातून पेटती चिंधी लावायची आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. पाव तासानं नळीच्या तोंडाशी काडी धरली की निळी ज्योत धरते, म्हणजे वायू तयार झाला. तो पेट्रोलच्या जागी इंजिनात जातो. जोर थोडा कमी, पण लारी चालते. लारीच्या मालकानं, शेटजींनी, हुमनाबादेत टाकी बसवून घेतली होती, आता वाटेवर कोळसा देणारा माणूस पाहिजे होता.

"बाभळीचा पाहिजे, आवळ्याएवढे तुकडे," उस्ताद म्हणाला. "जो देईल त्याचा माल टपावर पहिला चढेल."

चावडीवरचे एकमेकांकडं बघायला लागले. कोळसा पाडणं हे आमच्याकडं कुणबिकीचं काम धरत नाहीत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी देतो. अप्पा शेजारीच बसलेले, त्यांना विचारलंसुद्धा नाही. बांधावर बाभळी आमच्याच होत्या, कुऱ्हाड आमची होती. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण वर आणखी बोललो, "लढाई हाय तवर फाट्यावर कोळसा कमी पडणार न्हाई."

हे वाक्य पुढं मला जड गेलं, पण मी ते मागं घेतलं नाही.

घरी आल्यावर अप्पा फार बोलले नाहीत. आपल्या घरातल्यांचे हात हिरवे असतात, तुझे काळे होणार, एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी लावून दिलेला विडा घ्यायचे बंद झाले. खरं टोचून बोलायचा तो चुलतभाऊ. त्याची बैलजोडी आसपासच्या गावांत एक नंबरची, आणि लारी यायच्या आधी आमची पानं त्याच्याच गाडीतून जायची. लारीवर त्याचा राग होताच. मला वाटेत धरून म्हणाला, "दादा, विड्यात कात घालू नगंस आता. नुसतं तुझं बोट फिरवलास तरी बास हाय."

मी हसलो नाही. पण ते मला आज इतक्या वर्षांनीही आठवतंय, म्हणजे लागलं असणार.

कोळसा कसा पाडायचा हे मला येतं अशीच माझी समजूत होती. चुलीतले निखारे पाण्यानं विझवायचे, उन्हात टाकायचे, डब्यात भरायचे, शेगडीला वापरायचे. हे आमच्या सगळ्या बायका रोज करतात. मी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. बाभळीच्या फांद्या तोडल्या, मोकळ्यावर ढीग पेटवला, निखारे झाले की विहिरीवरून घागरी आणून ओतल्या. दोन दिवस उन्हात घातला आणि पोती भरून दिली.

आमच्या फाट्यापासून कोसभरावर काळी जमीन संपते आणि लाल मातीचा चढ लागतो. त्या चढाला लारी मध्यावर उभी राहिली. माणसं उतरली, ढकलली, वर नेली. दुसऱ्या दिवशी उस्तादानं पोतं माझ्या पुढ्यात ओतलं, एक तुकडा हातानं मोडला आणि आतला भाग माझ्या गालाला लावला. गार लागला.

"अण्णा, कोयला गीला है."

मी म्हणालो, दोन दिवस ऊन दिलंय. तो म्हणाला, ऊन वरून लागतं, पाणी आत बसतं. पाण्यानं विझवलेला कोळसा लारीला चालत नाही. वायूऐवजी वाफ होते, काथ्या भिजतो, इंजिन ठसकतं. विस्तव मातीखाली गुदमरवून मारायचा असतो. मी म्हणालो, तुमच्या इंजिनातच दम नसंल. मला माहीत होतं की तो बरोबर बोलतोय. पण ड्रायव्हरनं येऊन मला माझ्या बांधावरच्या लाकडाबद्दल शिकवावं हे मानवत नव्हतं.

गावात भट्टी लावता येणारी एकच बाई होती, लोहाराची म्हातारी. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिच्याकडं मी विळा शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, घेऊन गेलो. विळा चांगला धारदार होता. भात्याजवळ बसून इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की अक्का, तुमी कोळसा कसा मारताव. तिनं विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि विळा माझ्या मांडीवर परत ठेवला.

"ह्यो विळा न्हाई आल्ता माज्याकडं," ती म्हणाली. "तू आल्तास. नीट बस अन् ऐक."

मग तिनं सांगितलं. लाकडं उभी रचायची, वर पालापाचोळा, त्यावर ओली माती, मध्ये धुराड्यासारखं तोंड आणि बुडाशी चार भोकं. पहिला धूर पांढरा येतो, तो पाण्याचा. पुढं पातळ होत जातो. निळा झाला की सगळी तोंडं मातीनं लिंपून टाकायची, आणि मग भट्टीकडं ढुंकूनही बघायचं नाही. हाताला गार लागली तरी आणखी एक दिवस थांबायचं. उघडायची घाई केली की वारा लागून सगळा माल भडकतो आणि राख हातात येते.

पहिली भट्टी मी घाई करून उघडली आणि राख काढली. दुसरी मात्र तिनं सांगितल्यासारखी केली. तो कोळसा जमिनीवर टाकला तर काशाच्या वाटीसारखा वाजायचा. उस्तादानं दोन तुकडे एकमेकांवर आपटून कानाशी धरले आणि काही न बोलता पोतं चढवलं. लारी लाल चढ अशी चढली की वरून भोंगा वाजवला तो आम्हाला मळ्यात ऐकू आला. टपावर आमच्या करंड्या पहिल्या होत्या.

तो सगळा हिवाळा मी रुबाबात काढला. भट्टीतून निघालेला कोळसा सरळ फाट्यावर जायचा. पानं दुपारच्या आत बाजारात उतरायची. ज्वारीचं नाव अप्पांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही, विडा मात्र ते अजून आईच्याच हातचा घ्यायचे.

माघात मी हिशेब केला की पुढं पेरणीच्या दिवसांत भट्टी लावायला वेळ मिळणार नाही, तेव्हा आताच माल पाडून ठेवावा. बांध पार उघडा केला. चाळीसेक पोती झाली. ती ठेवायची कुठं? घराजवळ ठेवली तर शेगडीसाठी म्हणून शेजारपाजारच्या बायका पदराखाली नेणार. मळ्यात आमची पानांची खोली होती. दगडी भिंती, मातीचं धाबं, कुलूप लागणारं दार. खुडलेली पानं करंड्यांत भरून लारी येईपर्यंत तिथं ठेवायचो. आमच्या सगळ्या पसाऱ्यात तीच एक जागा भक्कम. वरून थेंब गळायचा नाही. मी पोती तिथं नेली.

अप्पांनी तिथंही आडवं लावलं. कोळशाची भुकटी पानांवर बसंल, बाजारात लोक नाक मुरडतील, असं त्यांचं म्हणणं. मी मध्ये बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या उभा केला, एका अंगाला पानं, दुसऱ्या अंगाला कोळसा. आई म्हणाली, पानाला कोळशाचा वास लागंल. मी तट्ट्याला शेणानं लिंपलं. बायको पोती आत नेताना दारात उभी होती. ती म्हणाली, हितं नगं, खळ्यावरच्या माळवदाच्या खोलीत ठेवा. मी म्हणालो, माळवद गळतंय, आणि पुढं गेलो. तिनं पुन्हा तोंड उघडलं असेल, मी ऐकायला थांबलो नाही. कोळशानं पानं खराब होतील याची घरात सगळ्यांना काळजी. पानांनी कोळशाचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही.

फाल्गुनापर्यंत निभावलं. ऊन वाढलं तसा चढाला लारीचा दम कमी पडायला लागला. आधी माणसं उतरवावी लागली. मग माल अर्धा उतरवून दोन खेपा कराव्या लागल्या. उस्ताद माझ्याकडं बघायचा, मी टाकीकडं बघायचो. त्यानं नळ्या सोडून साफ केल्या, काथ्या बदलला, पंख्याला तेल दिलं. मी ठासून सांगत होतो की भट्टी अक्काच्या पद्धतीनंच लावलीय. आणि ते खरं होतं.

चैत्रातल्या एका दिवशी मी स्वतः लारीवर बसलो. मला दाखवून द्यायचं होतं की दोष गाडीचा आहे. चढाच्या पायथ्याशी सगळे उतरले, मी उतरलो नाही. लारी दोन घरांच्या अंतराएवढी वर गेली, खोकली, पांढरा धूर सोडला आणि उभी राहिली. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावता येईना. करंड्यांवरची फडकी वाळून कडक झाली होती. आत आमची पानं होती, हुमनाबादच्या भिकू वाण्यापासून देवस्थानापर्यंत कुणाकुणाला शब्द दिलेली पानं, आणि ती तिथं उन्हात शिजत होती.

मागून चुलतभावाची गाडी आली. रिकामीच चालली होती. त्यानं बैल थांबवले, खाली उतरला, लारीभोवती एक चक्कर मारली, टाकीत डोकावून बघितलं.

"पेट्रोल सपलं," तो म्हणाला, "कोळसा सपला. आता कडबा घालून बघताव का उस्ताद?"

लोक हसले. उस्तादही हसला, कारण त्याला हसल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग चुलतभावानं बैल सोडले, लारीच्या तोंडाला नाडा बांधला आणि जोडी लावली. मागून आम्ही खांदे दिले. त्याच्या बैलांनी लारी चढावर ओढून नेली. वर पोचल्यावर त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं न बघता परत फिरला.

हुमनाबादला पोचलो तेव्हा बाजार विरत आलेला. निम्मी पानं कुणी घेतली नाहीत.

परत येताना उस्तादानं लारी फाट्यावर थांबवली आणि मला बाजूला घेतलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. तो म्हणाला, भट्टी गार व्हायची वाट बघायचा कंटाळा येतो, मला समजतं. माणूस पुन्हा घागरीकडं वळतो. मी म्हणालो, माझ्या गळ्यावर हात ठेवून सांगतो, थेंब घातलेला नाही. या दिवसांत पाणी आणू कुठून, विहिरीला तळ दिसायलाय.

"अण्णा, तू झूट बोलत नाहीस हे मला कळतं," तो म्हणाला. "पर गाडी भी झूट नै बोलती."

मग त्यानं सांगितलं की आमच्याच भागातल्या मेहकर गावाच्या बाजूला एकजण कोळसा द्यायला तयार आहे आणि तिकडून रस्ता लांबचा असला तरी चढ नाही. शेटजी विचारायलेत. परवा आठवडी बाजार आहे. परवा जर लारी चढाला उभी राहिली तर पुढच्या खेपेपासून ती या फाट्यावर येणार नाही.

घरी आलो. दिवस मावळायला आला होता. बायको चुलीपाशी होती. मी न विचारता सगळं सांगितलं, म्हणजे उस्तादाला, शेटजीला, मेहकरच्या माणसाला आणि त्या लारीला शिव्या घातल्या. ती उठली, मळ्यातून येताना मी आणलेलं एक पोतं दारात होतं, त्यातला एक कोळसा घेतला. दुसरा आपल्या डब्यातला घेतला. दोन्ही शेगडीतल्या विस्तवावर शेजारी शेजारी ठेवले. तिचा लगेच पेटला. माझा चुरचुरला, आणि त्याच्या टोकाला बारीक फेस आला.

मी बघत राहिलो.

"मागल्या उन्हाळ्यात मी मिठाचं मडकं पानांच्या खोलीत ठिवल्यालं," ती म्हणाली. "आठवतंय का?"

मी शेगडीतला माझा कोळसा चिमट्यानं उलटा केला.

"तीन दिसांत पाघळलं. तवा तुमीच म्हणलाव, हितं मीठ कामून ठिवलीस, अक्कल हाय का न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. मी मीठ उचललं."

एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली. तिला आणखी बोलता आलं असतं. दारात उभं राहून ती मला काय सांगत होती हे आता कळलं होतं.

पानांची खोली उन्हाळ्यात जिवंत ठेवायची म्हणजे दारावर ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा जमिनीवर पाणी, करंड्यांवर शिंपडा. ऊन जेवढं वाढेल तेवढं पाणी जास्त. मी ते काम माझ्या हातानं, लहानपणापासून, विचार न करता करत आलेलो. तट्ट्याच्या अलीकडं मी रोज पाणी शिंपत होतो आणि पलीकडं माझा काशाच्या वाटीसारखा वाजणारा कोळसा ते पीत होता. थेंब घातला नाही म्हणून मी गळ्यावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा त्याच हाताला शिंपड्याचा गारवा होता. कोरडवाहू शेतकरी असता तर त्याला हे झालं नसतं. त्याच्याकडं ओली खोलीच नसते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पोती खळ्यावर ओतली. करडईची रास उचलून झाली होती, खळं मोकळं होतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर चाळीसातल्या उरलेल्या पोत्यांतला जेवढा मावेल तेवढा पसरला. ऊन तापलं तसा कोळशातून वास यायला लागला, पाऊस पडून गेल्यावर चुलीच्या राखेचा येतो तसा. दर घटकेला पालथा घालायचा होता. मी एका टोकाकडून दाताळं ओढत दुसऱ्या टोकाला पोचलो आणि मागं वळून बघतो तर अप्पा. धोतर वर खोचलेलं, हातात दुसरं दाताळं. कोळशाला शिवायचं नाही म्हणणारा माणूस गुडघ्यापर्यंत काळा झालेला.

मी म्हणालो, अप्पा, ऊन हाय, तुमी राहू द्या.

"मळा माज्या बापानं लावल्याला हाय," ते म्हणाले. "तुझ्या बापानं न्हाई."

असं म्हणून आपल्या टोकाकडून ओढत राहिले. मला त्यांचं बोलणं नीट लागायला वेळ लागला. माझा बाप म्हणजे तेच की. बहुतेक त्यांनाही रागाच्या भरात कळलं नसावं. आम्ही दोघं दिवसभर ते खळं ओढत होतो. बायको आणि आई तुकडे आवळ्याएवढे फोडत होत्या आणि भुकटी चाळून काढत होत्या. संध्याकाळी कोळसा पुन्हा वाजायला लागला. अप्पांनी एक तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटला, ऐकला, आणि उन्हाची धग जायच्या आत पोती भरायला सांगितलं. पोती त्या दिवशी माळवदाच्या खोलीत गेली. माळवद गळत होतं खरं, पण पाऊस दोन महिने लांब होता, हे मला आधी सुचलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी लारी आली. मी फाट्यावर पोती लावून उभा होतो, शेजारी करंड्या. उस्तादानं पोत्यात हात घातला, तळाशी नेला, एक तुकडा काढला, मोडला, गालाला लावला. मान हलवली आणि टाकीचं झाकण उघडलं. तो काहीच विचारत नव्हता. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. त्याला वाटलं असतं की मी घागर सोडून पुन्हा भट्टीकडं वळलो, एवढंच. पण तेच मला नको होतं. आळशी म्हणवून घेण्यापेक्षा मूर्ख म्हणवून घेतलेलं बरं, असा मी तेव्हा विचार केला.

"उस्ताद," मी म्हणालो, "पाणी माज्याच घरातलं होतं. पानांच्या खोलीत ठिवलो होतो कोळसा. चूक माजी हाय."

हे शब्द मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन ते बोटांवर मोजता येईल, आणि एक हात पुरेल.

उस्ताद माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं करंड्यांकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि हसायला लागला तो टाकीला टेकूनच.

"महिनाभर गाडीला पान खिलाया तू," तो म्हणाला. "तभीच मैं बोलूं, थूकती कायकू है."

मलाही हसू आलं. पंखा मी फिरवला. काडी लावल्यावर ज्योत निळी धरली, कडेला पिवळेपणा नाही. मी त्याच्या शेजारी बसलो.

लाल चढाच्या पायथ्याशी लोकांना आता सवयच लागली होती. उस्तादानं काही म्हणायच्या आत सगळे भराभर उतरले आणि ढकलायला मागं जाऊन उभे राहिले. उस्तादानं दात आवळून गिअर टाकला. लारी निघाली. मी कान इंजिनाकडं लावून बसलो होतो. जिथं परवा उभी राहिली ती जागा आली, बैलांच्या खुरांचे माग अजून लाल मातीत होते. ती जागा गेली. मी बाहेर डोकं काढून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं. ढकलायला उभी राहिलेली सगळी माणसं खाली राहिली होती, कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या कडेवर लेकरू, आणि एक म्हातारी काठी उगारून लारीला थांब म्हणत होती. उस्ताद थांबला नाही. चढावर थांबवली असती तर पुन्हा उचलली असती का, हे आम्हा दोघांनाही बघायचं नव्हतं.

वर गेल्यावर त्यानं लारी लिंबाखाली उभी केली आणि आम्ही लोकांची वाट बघत बसलो. म्हातारी सगळ्यांत शेवटी आली. धाप लागलेली. तिनं आधी उस्तादाला धुतलं, मग मला. म्हणाली, चलायलीच होती तर उतरवलाव कामून? मी तिला करंडीतलं पान काढून दिलं. तिनं ते चुना न लावता तसंच तोंडात टाकलं.

पानं दुपारच्या आत बाजारात उतरली. मेहकरच्या माणसाचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही. लारी आमच्याच फाट्यावर येत राहिली, लढाई संपेपर्यंत; तोवर उरलेल्या बांधांवरच्या बाभळीही भट्टीत गेल्या. मी चावडीवर बोललो होतो तेवढं झालं. घरी आलो त्या संध्याकाळी अप्पांनी जेवणानंतर माझ्यापुढं पानाचं तबक सरकवलं. मी विडा लावून दिला. हात धुतले होते, पण नखांत काळं होतंच. त्यांनी खाल्ला.

पुढं पेट्रोल परत आलं, टाकी उतरवली. मग निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षात ते पुन्हा बाहेरून बंद झालं आणि उस्ताद पुन्हा माझ्या दारात आला. टाकी अजून गोदामात आहे, म्हणाला. मी त्याला बांधावर नेलं. मी उघडा केलेला बांध. बुडख्यांना फूट आली होती, पण अंगठ्याएवढी. ती तोडून भट्टीत घातली असती तर भुकटी निघाली असती. माझ्या बांधावरच्या बाभळी वाढायला किती वर्षं लागतात ते मला तोडताना माहीत होतं. तोडायच्या दिवसांत मी ते मनात आणलं नाही, एवढंच. उस्ताद वाकून एका फुटव्याला हात लावून बघत होता.

"और कित्ते बरस?"

"आठ. दहा लागतील."

तो बांधावर बसला, पान मागून घेतलं, आणि माणूस आपल्या घरी बसतो तसा बराच वेळ बसला. लारी तेव्हा बंदच राहिली.

दुसऱ्या दिवशी पानं खुडायची होती. मी चुलतभावाच्या दारात गेलो. तो बैलांना पाणी पाजत होता. त्यानं मला बघितलं आणि ओळखलं की कशाला आलोय, तरी मला पूर्ण विचारू दिलं. मग म्हणाला, करंड्या उजाडायच्या आत आणून ठिव. ऊन चढायच्या आधी लाल चढ वलांडू.

"कडबा मी देतो," मी म्हणालो.

"देशील न्हाई तर कुठं जाशील," तो म्हणाला, आणि बादली दुसऱ्या बैलापुढं ठेवली.